वरातीमागून घोडं: टॅबलेटवर पेनच्या मागे रेंगाळणारी रेष कशी ताळ्यावर आणायची

मी जेव्हा पहिल्यांदा सेकंडहँड विंडोज टॅबलेट घेतला, पेनसकट, आणि क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर टाकून पहिली रेष मारली तेव्हा पेन कॅनव्हासच्या त्या टोकाला पोचलेलं आणि रेष आपली अर्ध्या वाटेत, निवांत चाललीये. मग मी काय काय नाही केलं. रॅम साफ करणारी फालतू ॲप टाकली, विंडोज रिसेट मारलं, पेनचं टोक म्हणजे निब बदलली (निबचा आणि लॅगचा, म्हणजे या रेंगाळण्याचा, काडीचा संबंध नाही हे नंतर कळलं), आणि शेवटी विकणाऱ्यालाच मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. आठ दिवसांनी कळलं की स्टॅबिलायझर मीच फुल्ल करून ठेवला होता, कुठल्यातरी व्हिडिओत बघून, "रेष स्मूद येते" म्हणून. मशीन बिचारं निर्दोष होतं.

तर हे लिहायचं कारण तेच. नवीन लोक लॅग म्हणलं की एकच रोग समजतात आणि दहा उपाय एकदम करतात, मग बरं झालं तरी कशाने झालं ते कळत नाही आणि बिघडलं तरी कशाने ते कळत नाही. लॅग चार-पाच प्रकारचा असतो आणि कुठला आहे ते रेषच सांगते, म्हणजे रेषेत कुठे उशीर होतोय ते बघायचं, सुरुवातीला, रेषभर, का फक्त मोठ्या ब्रशला. ते आधी, सेटिंग नंतर.

मी इथे मुख्यतः विंडोज टॅबलेट आणि क्रिता धरून सांगतोय कारण क्रिता फुकट आहे आणि शिकणारे बरेचजण तिथूनच सुरू करतात. क्लिप स्टुडिओ, फोटोशॉप, आयपॅड वगैरेंचं मध्ये मध्ये येईलच.

आधी शिरोरेघ टेस्ट

ही माझी स्वतःची पद्धत आहे, पण आपल्या लिपीला फार बरोबर बसते. नवीन फाइल उघडा, छोटी, १५०० बाय १५०० पिक्सेल, एकच लेयर (थर). साधा कडक गोल ब्रश घ्या, साइझ १० च्या आसपास. टूल ऑप्शन्समध्ये ब्रश स्मूदिंग म्हणून आहे ते "नन" करा. बाकीचं सगळं बंद, म्हणजे क्रोम, व्हॉट्सॲप, गाणी, सगळं. आता मोठ्या अक्षरात, नेहमीच्या स्पीडने, "कंटाळा" लिहा. मग वरून एका झटक्यात शिरोरेघ ओढा. मग अनुस्वाराची टिंबं द्या, आठ-दहा, पटापट, ठिपक्यांच्या रांगोळीसारखी.

आता बघा काय झालं.

शिरोरेघ ओढताना पेन आणि रेषेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच अंतर राहिलं, तर उशीर पाइपलाइनमध्ये, पेनपासून स्क्रीनपर्यंतच्या वाटेत आहे, म्हणजे ड्रायव्हर (पेन आणि विंडोजची गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर), स्क्रीन, पॉवर मोड असलं काहीतरी. अक्षराची सुरुवात अडकते, पहिला तुकडा सरळसोट येतो आणि मग रेष एकदम उडी मारून पेनला गाठते, टिंबं तर कधी उमटतात कधी नाही, असं असेल तर ते ९० टक्के विंडोजचं राइट-क्लिकचं प्रकरण आहे, खाली सांगतो. (९० टक्के हे आपलं बोलायचं, मोजलेलं नाही.) इथे सगळं मख्खन चाललं पण तुमच्या खऱ्या चित्रात मात्र जड जातंय, तर दोष फाइलचा किंवा ब्रशचा. आणि सुरुवातीला छान, पण अर्ध्या-पाऊण तासाने रेंगाळायला लागतं, तर मशीन तापतंय नाहीतर मेमरी भरतेय.

रेष मागे नाही राहत पण तिरकी रेष हळू ओढली की लाटा येतात, थरथरते, तो लॅगच नाही. लोक दोन्हीला लॅगच म्हणतात म्हणून गोंधळ. तसंच पेनचं टोक आणि कर्सर यांच्यात पेन स्थिर असतानाही फरक दिसतो, तोही लॅग नाही, ते काचेच्या जाडीमुळे किंवा कॅलिब्रेशनमुळे, म्हणजे पेन आणि स्क्रीनची जुळणी चुकल्यामुळे. जाड टेम्पर्ड ग्लास लावलीत तर अजून वाढतं. पेन थांबलं की रेष येऊन गाठते का? गाठत असेल तर लॅग, नसेल तर कॅलिब्रेशन.

मोजायचं असेल तर

ज्यांना "मला वाटतंय की फरक पडला" यावर विश्वास नाही त्यांच्यासाठी. बऱ्याच फोनमध्ये आता सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन असतो. स्क्रीनवर कुठेतरी खूण धरा, म्हणजे एखादी उभी रेघ मारून ठेवा, फोन कशालातरी टेकवून शूट करा आणि पेन त्या खुणेवरून सरळ पुढे न्या. मग व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवत पेनचं टोक खुणेवर कधी आलं आणि रेष तिथे कधी पोचली, मधल्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. बारा फ्रेम आल्या तर ५० मिलिसेकंद, तीस आल्या तर सव्वाशे.

किती आलं तर चांगलं? स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारी असेल तर तिची एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंदाची असते, आणि पेनचा सिग्नल, विंडोज, सॉफ्टवेअर, मग स्क्रीन असं करत करत दोन-तीन फ्रेम तर सहज जातात, म्हणजे ३३ ते ५०. त्यामुळे ५०-६० च्या आसपास आलं तर साध्या टॅबलेटवर फार रडू नका. १०० च्या वर गेलं तर नक्की काहीतरी दुरुस्त करण्यासारखं आहे. कंपन्यांचे आकडे वाचून जीव जाळू नका, ॲपलने २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ आणताना पेन्सिलचा उशीर २० वरून ९ मिलिसेकंदावर आणला असं सांगितलं, मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या सरफेस प्रोला २१ सांगितला, पण हे आकडे त्यांच्या सगळ्यात अनुकूल परिस्थितीतले. त्यातला काही भाग तर अंदाज बांधून पुढची रेष आधीच काढून ठेवण्यातून येतो. तुमच्या क्रितात चाळीस लेयरवर तो आकडा येणार नाही.

आता एकेक करून. आणि प्लीज, एका वेळी एकच गोष्ट बदला, परत शिरोरेघ टेस्ट, मग पुढची. वहीत लिहून ठेवा काय बदललं ते.

पहिली पायरी: स्टॅबिलायझर

इथूनच सुरू करा कारण फुकट आहे, दहा सेकंदाचं काम आहे, आणि माझ्यासारखे गाढव बरेच असतात. स्टॅबिलायझर काय करतो, तुमच्या हाताची मागची बरीच ठिकाणं लक्षात ठेवून त्यांची सरासरी काढतो आणि तिथे रेष उमटवतो. सरासरी म्हणजे मागचं आलंच त्यात, म्हणून रेष मागे राहणारच. तो बिघाड नाही, त्याचं कामच ते आहे. लांब दोरीला बांधून म्हैस ओढावी तसं.

क्रितात टूल ऑप्शन्सच्या डॉकरमध्ये ब्रश स्मूदिंगला नन, बेसिक, वेटेड, स्टॅबिलायझर असे पर्याय मिळतात. रोजच्या कामाला बेसिक पुरतो. लांब वळणदार शाई मारायची असेल तेव्हाच स्टॅबिलायझर लावा आणि त्यातला सॅम्पल काउंट कमी ठेवा, आणि तिथेच डिले म्हणून एक चेकबॉक्स आहे तो चालू असेल तर तेवढ्या पिक्सेलची ढिल कायम राहते. क्लिप स्टुडिओत हेच टूल प्रॉपर्टीमध्ये स्टॅबिलायझेशन नावाने आहे, फोटोशॉपमध्ये वरच्या पट्टीत स्मूदिंग टक्क्यात, प्रोक्रिएटमध्ये स्ट्रीमलाइन. लक्षात ठेवा की क्लिप स्टुडिओ आणि प्रोक्रिएटमध्ये हे ब्रशगणिक सेव्ह होतं, त्यामुळे "माझा एकच ब्रश लॅग मारतो" म्हणणाऱ्यांनी त्या ब्रशचंच सेटिंग बघा. डाउनलोड केलेल्या फुकटच्या इंकिंग ब्रशमध्ये हे हमखास वाढवून ठेवलेलं असतं.

दुसरी: विंडोजचा तो गोल

पेन टेकवून जरा थांबलात की टोकाभोवती एक गोल रिंग उमटते, बघितली असेल. विंडोज विचार करत असतं की हा बाबा राइट-क्लिक करतोय का रेष मारतोय. तो निर्णय होईपर्यंत तुमच्या रेषेची सुरुवात अडकून पडते. पेन एका छोट्या वर्तुळाच्या बाहेर गेलं की मग विंडोजला पटतं की ही रेष आहे, आणि तोवर साचलेलं सगळं एकदम येतं, म्हणून सुरुवातीचा तुकडा सरळ दिसतो. शाई मारताना, हॅचिंग (जवळ जवळ रेघा मारून छाया) करताना, आणि आपल्या अनुस्वाराच्या टिंबांना हे सगळ्यात जास्त छळतं, लांब रेषांना जाणवत पण नाही. म्हणून लॅग "कधी कधी" येतो असं वाटतं.

बंद कसं करायचं: कंट्रोल पॅनेल उघडा, नव्या सेटिंग्ज ॲपमध्ये नका शोधू, जुनं कंट्रोल पॅनेल. सर्चमध्ये कंट्रोल पॅनेल टाइप केलं की येतं. त्यात हार्डवेअर अँड साउंड, मग पेन अँड टच. पहिल्याच टॅबवर चार-पाच ओळी दिसतील, त्यातली प्रेस अँड होल्ड निवडा, सेटिंग्जचं बटण दाबा, आणि राइट-क्लिकसाठी प्रेस अँड होल्ड चालू ठेवण्याचा टिकमार्क काढा. ओके, ओके. शेजारी टचचा पण टॅब असतो, तिथेही असाच एक प्रकार आहे, पण तो बोटासाठी, त्याला हात नाही लावला तरी चालतं.

याने राइट-क्लिक गेलं का? पेनच्या बाजूचं बटण असेल तर तिथून करा. मला तरी कधी अडलं नाही.

तिसरी: विनटॅब का विंडोज इंक

इथे जरा थांबू कारण इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात आणि इंटरनेटवर अर्धे लोक एक सांगतात अर्धे दुसरं. पेनची माहिती सॉफ्टवेअरपर्यंत यायला विंडोजवर दोन रस्ते आहेत. एक जुना, विनटॅब, जो पेन टॅबलेट बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर देतो. दुसरा विंडोजचा स्वतःचा, ज्याला कुठे विंडोज इंक म्हणतात, कुठे टॅबलेट पीसी, क्रितात विंडोज ८ प्लस पॉइंटर इनपुट. दोन्हीपैकी एकच रस्ता धरायचा आणि ड्रायव्हरमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच असला पाहिजे. एकीकडे एक दुसरीकडे दुसरं झालं की प्रेशर जातं (पेन दाबलं तरी रेषेत फरक पडत नाही), रेषा तुटतात, रेंगाळतात, कर्सर भलतीकडेच पळतो.

कुठला धरायचा? तुमचा टॅबलेट कॉम्प्युटर असेल, म्हणजे स्क्रीनवरच पेन चालतं आणि आत पूर्ण विंडोज आहे, सरफेससारखा, तर त्यात विनटॅबचा ड्रायव्हर मुळात नसतोच, वेगळा टाकावा लागतो, त्यामुळे तुम्ही विंडोज इंकच ठेवा. वेगळा पेन टॅबलेट किंवा पेन डिस्प्ले (स्क्रीनवाला पेन टॅबलेट) लावला असेल, वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन वगैरे, तर आधी विनटॅब करून बघा. वॅकॉमच्या प्रॉपर्टीजमध्ये विंडोज इंक वापरा असा एक टिकमार्क असतो, विनटॅब वापरताना तो काढा, विंडोज इंक वापरताना ठेवा. इतरांच्या ड्रायव्हरमध्येही असाच टिकमार्क मिळेल.

सॉफ्टवेअरमध्ये: क्रितात सेटिंग्ज, कॉन्फिगर क्रिता, टॅबलेट सेटिंग्ज, तिथे टॅबलेट इनपुट एपीआय. बदलल्यावर क्रिता बंद करून परत उघडायचं, नाहीतर काहीच होणार नाही आणि तुम्ही म्हणाल हा माणूस खोटं बोलला. त्याच पानावर टॅबलेट टेस्टर नावाचं बटण आहे. ते दाबलं की एक छोटी खिडकी येते, तिथे रेघोट्या मारा. तिथे रेष नीट येते आणि कॅनव्हासवर येत नाही तर पेन आणि ड्रायव्हर ठीक आहेत, पुढे ब्रश किंवा कॅनव्हासकडे वळा. तिथेच तुटक येते तर ड्रायव्हर. फार कामाचं बटण आहे आणि कुणी दाबतच नाही.

क्लिप स्टुडिओत फाइल, प्रेफरन्सेस, टॅबलेट, तिथे विनटॅब आणि टॅबलेट पीसी असे दोन पर्याय. फोटोशॉप आता विंडोज इंक धरूनच चालतं, त्याला विनटॅबवर आणायला सेटिंग्ज फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवावी लागते, पण ते अगदीच गरज पडली तरच करा.

ड्रायव्हरबद्दल अजून एक. आधी एका कंपनीचा टॅबलेट होता आणि आता दुसऱ्या कंपनीचा घेतलाय, तर जुना ड्रायव्हर पूर्ण काढा, रिस्टार्ट मारा, मग नवा टाका. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. वायरलेस पेन टॅबलेट असेल तर एकदा यूएसबी केबल लावून टेस्ट करा, ती पण हबमध्ये नको, थेट कॉम्प्युटरला. ब्लूटूथवर लॅग आणि केबलवर नाही, तर गुन्हेगार सापडला, बाकी काही बदलायची गरजच नाही.

चौथी: फाइल केवढी केलीये ते बघा

नवीन माणूस फाइल उघडतो तेव्हा "मोठी बरी" म्हणून ए-३, ६०० डीपीआय (इंचाला ६०० पिक्सेल) टाकतो. हिशोब करू. ए-३ सहाशे डीपीआयला ७०१६ बाय ९९२१ पिक्सेल होतात, म्हणजे जवळपास ७ कोटी. साध्या आठ बिट रंगाला एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एक लेयर २७८ एमबी. असे दहा झाले की पावणेतीन जीबी. सोळा बिटचं केलं असेल तर दुप्पट. आठ जीबी रॅमच्या टॅबलेटमध्ये विंडोज स्वतःच ढेकर देत बसलेलं असतं, उरलेल्यात हे कसं मावणार. मग ते डिस्कवर लिहायला लागतं आणि तुमची रेष थांबते.

आता ए-४, ३०० डीपीआय: २४८० बाय ३५०८, म्हणजे ८७ लाख पिक्सेल, लेयरला साधारण ३५ एमबी. आठपट फरक. दिवाळी अंकाच्या आतल्या पानावरचं रंगीत चित्र यात आरामात होतं. इन्स्टावर टाकायचं असेल तर १०८० बाय १३५० ला पोस्ट जाते, त्याच्या दुप्पट आकारात काढलं तरी खूप झालं. छापायला ज्यांना खरंच ६०० लागतं ते मुख्यतः काळी-पांढरी लाइनआर्टवाले, त्यांनी ठेवा, पण लेयर कमी.

सॉफ्टवेअर रिकामी जागा साठवत नाही, त्यामुळे एका कोपऱ्यात डोळा काढलेला लेयर २७८ एमबी खात नाही. पण बादलीने भरलेला बॅकग्राउंड, टेक्स्चरचा लेयर, ब्लर फिल्टरवाला लेयर, हे पूर्ण खातात. क्रिताच्या खालच्या पट्टीत ही फाइल किती मेमरी घेतेय ते दिसतं, त्यावर डोळा ठेवा. कॉन्फिगर क्रितातल्या परफॉर्मन्स पानावर मेमरीची मर्यादा पण वाढवता येते, पण सगळी रॅम देऊ नका, विंडोजला पण जगायचंय.

संपलेले लेयर मर्ज करा. भीती वाटते तर फाइलची एक कॉपी वेगळ्या नावाने ठेवून मर्ज करा, मी तेच करतो. ज्या ग्रुपवर मास्क, फिल्टर, ब्लेंडिंग मोड लावलेत ते रेष मारताना तात्पुरते डोळा मिटून ठेवा, कारण प्रत्येक रेषेला ते सगळं परत मोजावं लागतं.

पाचवी: ब्रश

ब्रश म्हणजे सलग रेष नसते, एकापाठोपाठ एक शिक्के मारत जातो तो. शिक्के किती जवळ जवळ ते स्पेसिंग ठरवतं. ५०० पिक्सेलचा ब्रश आणि ५ टक्के स्पेसिंग असेल तर दर २५ पिक्सेलला एक शिक्का, म्हणजे २००० पिक्सेलच्या रेषेला ८० शिक्के, आणि एकेक शिक्का अडीच लाख पिक्सेलचा. झाले २ कोटी. स्पेसिंग १ टक्का असेल तर तेच १० कोटी. ते १० टक्के केलं तर १ कोटीवर येतं आणि मऊ ब्रशला डोळ्याला फरक पण कळत नाही बऱ्याचदा. कडक ब्रशला मात्र कडेला मणी दिसायला लागतात, तिथे बेताने. क्रितात ब्रश एडिटर उघडा, ब्रश टिपमध्ये स्पेसिंग आहे, शेजारी ऑटो आहे, ऑटो लावून बघा.

ओले रंग मिसळणारे, स्मज करणारे ब्रश सगळ्यात जड, कारण ते खालचा रंग आधी उचलतात, मग मिसळतात, मग टाकतात, प्रत्येक शिक्क्याला. असा ब्रश ८०० च्या साइझने फिरवून "लॅग मारतंय" म्हणू नका, त्याला लहान ठेवा किंवा मोठं रंगकाम लहान फाइलवर करून मग फाइल मोठी करा आणि तपशील त्यावर काढा. जुने पेंटर पण आधी छोटं स्केच करूनच मोठ्या कॅनव्हासकडे जायचे की.

क्रितात व्ह्यू मेनूमध्ये इन्स्टंट प्रिव्ह्यू मोड आहे, शिफ्ट आणि एल. हा मोठ्या ब्रशची रेष आधी लहान आकारात दाखवतो आणि खरी मागून मोजत बसतो. मोठ्या फाइलवर स्वर्ग. पण कॅनव्हासचं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू पाहिजे आणि स्केलिंग मोड ट्रायलिनियर किंवा हाय क्वालिटी पाहिजे, ते कॉन्फिगर क्रिताच्या डिस्प्ले पानावर. रेष संपल्यावर किंचित बदलल्यासारखी वाटते, घाबरू नका, ती खरी रेष आलेली असते.

त्याच डिस्प्ले पानावर ओपनजीएल आणि डायरेक्ट-थ्री-डी असे दोन पर्याय दिसतील. एकाने लॅग असेल तर दुसरा लावून बघा, क्रिता रिस्टार्ट करा, टेस्ट करा. कुठला चांगला ते तुमच्या ग्राफिक्स चिपवर आणि तिच्या ड्रायव्हरवर आहे, वाद घालण्यात अर्थ नाही.

सहावी: पॉवर, तापमान, स्क्रीन

विंडोज सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर. पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर. बॅटरी सेव्हर बंद. बॅटरीवर चालणारा टॅबलेट मुद्दाम हळू चालतो, बॅटरी वाचवायला.

सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट बघा. काही टॅबलेट १२० हर्ट्झचे असून ६० वर सेट केलेले असतात, १२० केलं की एक फ्रेम १६.७ ऐवजी ८.३ मिलिसेकंदाची, फरक हाताला लगेच कळतो. बॅटरी जास्त खातं, ते आलंच. आयपॅड प्रोवाल्यांनी लो पॉवर मोड चालू नाही ना ते बघा, त्यात स्क्रीन ६० वर उतरते, शिवाय ॲक्सेसिबिलिटीत मोशनखाली फ्रेम रेट मर्यादित करायचं एक बटण आहे ते बंद असू द्या. सॅमसंग टॅबवर डिस्प्लेमध्ये मोशन स्मूदनेस ॲडॅप्टिव्ह ठेवा. टॅबलेट टीव्हीला जोडून मोठ्या स्क्रीनवर बघत काढणारे असतात, त्यांनी टीव्हीचा गेम मोड लावा, टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात स्वतःचा उशीर घालतो.

तापमान. बिनपंख्याचे टॅबलेट तापले की प्रोसेसर स्वतःला आवरतो, आणि विदर्भातला मे महिना आणि दुपारी दोनची वेळ असेल तर टॅबलेट काय माणूस पण थ्रॉटल होतो. मांडीवर, गादीवर, उशीवर ठेवून काढू नका, मागून हवा लागली पाहिजे. मी एक जुना लाकडी पाट तिरका करून त्यावर ठेवतो, पाठीला पण बरं. कव्हर काढा. सोबत स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा व्हिडिओ कॉल चालू असेल तर ते बंद करून बघा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर येतो, लॅग येतोय त्याच क्षणी बघा, सीपीयू भरलाय, का मेमरी, का डिस्क १०० टक्के झालीये. डिस्क भरत आली असेल तर आधी जागा करा.

थरथर असेल तर चार्जर काढा

हे वेगळं सांगतोय कारण आपल्याकडे घरोघरी होतं. तिरकी रेष हळू ओढताना थरथरत असेल तर चार्जर काढून तीच रेष परत ओढा. सुधारली? मग अर्थिंग. चार्जरमधून येणारा विजेचा खडखडाट स्क्रीनच्या सेन्सरमध्ये मिसळतो, टॅबलेटच्या धातूच्या पाठीवरून बोट फिरवलं की झिणझिण्या येतात ना, तेच ते. जुन्या वाड्यात, भाड्याच्या खोलीत बोर्डाला तीन भोकं असतात पण तिसऱ्यात वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, स्वतः बोर्ड उघडू नका. तोपर्यंत ओरिजिनल चार्जर वापरा, जमल्यास तीन पिनवाला, स्वस्तातला डुप्लिकेट नको. गंमत अशी की चार्जर काढला की थरथर जाते पण बॅटरीवर मशीन हळू होऊन लॅग येतो, म्हणून दोन रोग वेगवेगळे तपासा नाहीतर गोल गोल फिरत बसाल.

काही टॅबलेटच्या स्क्रीनमध्ये हळू तिरक्या रेषेला थोडी लाट मुळातच येते, चार्जर असो नसो. तिथे उपाय एकच, रेष जरा वेगाने मारा आणि हलका स्टॅबिलायझर लावा. हो, तोच, ज्याला वर शिव्या घातल्या.

एवढं करूनही

सगळं करून परत शूट करा, फ्रेम मोजा. सव्वाशेवरून साठवर आला असाल तर जिंकलात. माझा ५५ च्या आसपास येतो आणि मी तेवढ्यावर खूश आहे, हाताला चार दिवसात सवय होते. नवा घ्यायचाच असेल तर दुकानात जाऊन हातात घेऊन बघा, डेमोला ठेवलेल्या टॅबलेटवर कुठलंही चित्रकलेचं ॲप उघडून स्वतःचं नाव लिहा, वर शिरोरेघ ओढा, फोनने स्लो-मोशन घ्या. सेल्समन विचित्र बघतो, बघू द्या.

आणि विंडोजचा मोठा अपडेट आला आणि दुसऱ्या दिवशी अचानक परत लॅग सुरू झाला तर पहिल्यापासून सगळं करत बसू नका. पेन अँड टचमधला तो राइट-क्लिकचा टिकमार्क परत लागलाय का ते बघा, मग पेनचा ड्रायव्हर, मग पॉवर मोड, या क्रमाने. ती वही म्हणूनच ठेवायला सांगितली.